पाट्या तपासणारा माणूस

पाटी वाचण्याआधी ते डोक्यावरची टोपी काढायचे. खाकी कापडाची, घामानं कडेला पांढरी पडलेली टोपी. ती काखेत धरायची, दोन पावलं मागं सरकायचं आणि लोखंडी स्टँडवर ठेवलेली पाटी मोठ्यानं वाचायची. पाटी कुठलीही असो. 'दंतवैद्य, दुसरा मजला.' 'ताजे मासे.' 'दार ढकला.' कोर्टात निकाल वाचावा तशा आवाजात ते वाचायचे. वाचून झालं की विचारायचे, "ही कुणाला रस्ता दाखवते?" आम्ही उत्तर दिलं तर ऐकायचे, नाही दिलं तरी चालायचं. मग खिशातली पिवळी मेणाची पेन्सिल काढून पाटीवर नाक टेकेल इतके जवळ जायचे. जिथं दोष असेल तिथं पिवळं वर्तुळ. दोष नसला तर खालच्या कोपऱ्यात बरोबरची खूण, सही आणि तारीख. त्या खुणेशिवाय आमच्या कारखान्यातून एकही पाटी बाहेर पडत नसे.

कारखाना दुबईत, अल कुसैसच्या औद्योगिक भागात होता. दुकानांचे बोर्ड, हॉस्पिटलमधले बाण, पार्किंगचे खांब असं सगळं आम्ही बनवायचो. मी प्रॉडक्शन बघायचो. ते दक्षिण आफ्रिकेतले, साठी ओलांडलेले, कृष्णवर्णीय गृहस्थ. हुद्दा क्वालिटी इन्स्पेक्टर. कारागीर त्यांना 'चाचा' म्हणायचे, मी 'सर' म्हणायचो. त्यांनी मात्र आमच्यापैकी कुणालाही कधी नावानं हाक मारली नाही. माणसाला ते त्याच्या गावानं हाक मारायचे. मी 'पुणे' होतो. बोर्ड बसवायला जाणारा फिटर 'कणकवली' होता. वेल्डर 'कोल्लम', ड्रायव्हर 'पेशावर'. कंपनीत प्रत्येकाला पाच आकडी नंबर होता आणि हजेरी नंबरावर लागायची. ते म्हणायचे, "नंबर मला लहानपणी दिला होता, सरकारनं. काळ्या माणसानं बाळगायच्या एका पुस्तिकेत. ती खिशात नसली तर पोलीस उचलून न्यायचे. मला पुन्हा नंबर पाठ करायला सांगू नका."

या माणसाला मी एकदा खोली नाकारली, आणि नाकारताना खोटं बोललो. ते सांगण्यासाठीच मी हे लिहितो आहे. पण आधी ते कसे होते हे सांगायला हवं, नाहीतर मी काय केलं ते कळणार नाही.

त्यांच्या मते जगात पाट्या दोनच प्रकारच्या होत्या. रस्ता दाखवणाऱ्या आणि अडवणाऱ्या. पहिल्या प्रकारची पाटी ते प्रेमानं तपासायचे. दुसऱ्या प्रकारची आली की त्यांचे डोळे बारीक व्हायचे. 'धोका, वीज' ही त्यांच्या हिशेबी रस्ता दाखवणारी पाटी होती. "ती मला जिवंत ठेवते," ते म्हणायचे. "अडवणारी वेगळी. ती माणूस बघून अडवते."

एकदा मी त्यांना मोठ्या अभिमानानं पुणेरी पाट्यांबद्दल सांगितलं. दुपारी एक ते चार बेल वाजवू नये. येथे पत्ता सांगितला जाणार नाही. दारासमोर गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल. एकेक पाटी मी इंग्रजीत समजावून सांगत होतो आणि ते मांडीवर थाप मारून हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग डोळे पुसत म्हणाले, "पुणे, एक विचारू? तुझ्या गावात एखादी 'या' म्हणणारी पाटी आहे का?"

मी आठवून बघितलं. 'सुस्वागतम' सोडून मला काही आठवलं नाही. ते म्हणाले, "असू दे. घाई नाही."

लिफ्टच्या पाटीचा प्रसंग कारखान्यात पुढं कित्येक महिने सांगितला जायचा. एका नव्या टॉवरच्या मेंटेनन्सवाल्यांकडून ऑर्डर आली. स्टीलच्या बारा पाट्या, प्रत्येक मजल्याला एक. मजकूर असा की कामगार आणि घरकाम करणाऱ्या बायकांनी फक्त सामानाची लिफ्ट वापरावी. पहिला नमुना तयार झाला. त्यांनी टोपी न काढताच तो वाचला. मग पेन्सिल काढली आणि कडेला एक वर्तुळ काढलं. बफिंगची, म्हणजे पॉलिशची, रेघ राहिली होती. दुसऱ्या नमुन्यात स्क्रूचं भोक अर्धा मिलिमीटर सरकलेलं निघालं. तिसऱ्यात अक्षरांतला रंग एका जागी पातळ होता. चौथ्या वेळी कणकवली माझ्या टेबलाशी आला आणि हसू दाबत म्हणाला, "साहेब, चाचाक परत बोर्ड आवडूक नाय."

"आता काय काढलं?"

"पत्र्याक बाक आसा म्हणतत. माका तर दिसना नाय. आयशीचो घो, डोळे बरे आसत म्हाताऱ्याचे!"

पाचव्यांदा परत आल्यावर आमचे लेबनीज मॅनेजर केबिनमधून ओरडतच बाहेर आले. "हबीबी, खलास! लिफ्टची पाटी आहे ती, लग्नाची अंगठी नाही!" सरांनी शांतपणे पट्टी आणि लेव्हल आणून बाक दाखवला. बाक खरोखर होता. पाचही वेळा दोष खरा होता. खोटं वर्तुळ त्यांनी आयुष्यात कधी काढलं नाही. फक्त एवढं, की इतर पाट्यांतला असला दोष ते नुसता दाखवायचे आणि सोडून द्यायचे.

मॅनेजरनं मला बाजूला घेऊन सांगितलं, काहीही कर, गुरुवारपर्यंत पाट्या पोचव. मी अल क्वोजमधल्या एका छोट्या वर्कशॉपमधून त्या बाराही पाट्या करून घेतल्या आणि स्वतःच्या गाडीतून पोचवल्या. सरांना सांगितलं नाही. दोन दिवसांनी चहाच्या वेळी त्यांनी विचारलं, "पुणे, ती लिफ्टची पाटी लागली का?"

"लागली, सर."

"सरळ लागली?"

"हो."

"मग बरं," ते म्हणाले आणि बिस्किट चहात बुडवलं. मी त्यांच्याकडे फार वेळ बघू शकलो नाही. ते मात्र माझ्याकडे बघत होते. त्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं.

त्यांच्या शर्टाच्या खिशात पेन्सिलीशेजारी नेहमी एक छोटा स्क्रूड्रायव्हर असायचा. क्वालिटीवाल्याला त्याचं काही काम नाही. एकदा मी विचारलं, तेव्हा म्हणाले, "मी चोर आहे ना. कागदोपत्री. अठरा महिने शिक्षा भोगलेला."

मग सांगितलं. वर्णभेदाच्या काळात त्यांच्या शहरात कुशल काम फक्त गोऱ्यांना करता यायचं. सतरा वर्षांचे असताना ते पाट्या रंगवणाऱ्या एका गोऱ्या माणसाकडे कामाला लागले. कागदोपत्री झाडूवाला म्हणून. मालकाचा हात दारूनं थरथरायचा आणि यांचा हात स्थिर होता. सहा महिन्यांत सगळी अक्षरं हेच काढू लागले. खाली सही मालकाची. कामं बहुतेक नगरपालिकेची. बाग, पोस्टाच्या खिडक्या, समुद्रकिनारा, रेल्वेचा पूल. मजकूर एकच, दोन भाषांत. 'व्हाइट्स ओन्ली', फक्त गोऱ्यांसाठी.

"मला लाज वाटत नव्हती, पुणे," ते म्हणाले. "खरं सांगतो. मला अभिमान वाटायचा. इतकं सुंदर 'ओ' त्या शहरात दुसरं कुणी काढत नव्हतं."

त्या अभिमानातच एका रविवारी ते आईला बागेत घेऊन गेले, आपलं काम दाखवायला. बागेत जायला बंदी नव्हती, बंदी बाकांवर बसायला होती. आई मैलभर चालून आलेली, पाय सुजलेले. तिला वाचता येत नव्हतं. पाटीसमोर उभी राहून ती म्हणाली, किती छान अक्षरं रे बाळा, आणि बाकावर टेकायला निघाली. पाटी बाकाच्या पाठीवरच होती.

"मग?"

"मी तिचा दंड धरला. म्हणालो, आई, बसू नको, रंग ओला आहे."

बाहेर फोर्कलिफ्ट मागं येताना वाजते तशी वाजत होती.

"ती उभीच राहिली. घरी परत जाईपर्यंत उभीच. पुढच्या रविवारी मी स्क्रूड्रायव्हर घेऊन गेलो." दोन पाट्या त्यांनी काढल्या, तिसरीला पकडले गेले. गुन्हा नगरपालिकेच्या मालमत्तेची चोरी. "क्रांतिकारक मला तुरुंगात भेटले. त्यांनी विचारलं, कशात आलास? मी म्हटलं, चोरीत. खूप हसले. मग त्यांनी मला वाचायला दिलं." सुटल्यावर सरहद्द ओलांडून परदेशात गेले, चळवळीसाठी पंधरा वर्षं बॅनर रंगवले. वर्णभेद संपल्यावर परतले तेव्हा अक्षरं कॉम्प्युटर कापू लागला होता. म्हणून दुबई. "लोक मला लढवय्या म्हणतात तेव्हा मी हिशेब सांगतो. रंगवल्या शंभरेक, काढल्या दोन."

हे सगळं मला माहीत होतं, असं मी मुद्दाम लिहितो आहे. मला हे सगळं माहीत असताना पुढचं घडलं.

आमचं घर कारखान्यापासून पंधरा मिनिटांवर होतं. त्या वर्षी भाडं वाढलं आणि बायको म्हणाली, मागची खोली देऊन टाकू, अठराशे दिरहॅम म्हणजे एक्केचाळीस हजार झाले की! इथं हे सगळेच करतात. जाहिरातीचा कागद करायचा, खाली फोन नंबराच्या पट्ट्या कात्रीनं कापून लोंबत्या ठेवायच्या आणि सुपरमार्केटबाहेरच्या खांबांवर चिकटवायचा. लोकांचे कागद हातानं लिहिलेले, तिरके असतात. मी पाट्यांच्या धंद्यातला. मी कॉम्प्युटरवर नीट टाईप निवडला, समास मोजले, ओळींमधलं अंतर सारखं केलं. मजकूर इंग्रजीत. शांत महाराष्ट्रीय कुटुंबात खोली. नोकरदार, शाकाहारी. आणि शेवटच्या ओळीत, आफ्रिकनांनी फोन करू नये.

ती ओळ घाल असं मला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या घरी आफ्रिकन माणूस कधी आलाही नव्हता. इतर कागदांवर बघितली होती आणि माझ्या बोटांनी ती टाईप केली. तेव्हा चौदा वर्षांची असलेली माझी मुलगी टेबलावरचा कागद वाचून म्हणाली, "बाबा, व्हाय नो आफ्रिकन्स?"

"असंच लिहितात गं."

"बट यू वर्क विथ वन."

"ते वेगळे," मी म्हणालो.

कागद लावून आठवडा झाला होता. जेवणाच्या सुट्टीत ते माझ्या टेबलाशी आले. त्यांची राहती इमारत पाडायची होती, महिन्याभरात सगळ्यांना निघायला सांगितलं होतं, हे मला ठाऊक होतं. त्यांच्या गुडघ्यांची अवस्थाही ठाऊक होती. कारखान्याच्या जवळ राहायला मिळालं तरच आपल्याला नोकरी करता येईल, लांबून बस बदलत यायला जमणार नाही, असं ते स्वतःच म्हणाले होते. त्यांनी खिशातून कागदाची एक पट्टी काढून माझ्यासमोर ठेवली. माझा फोन नंबर होता.

"पुणे, हा तुझाच ना?"

"हो, सर."

"म्हणजे तुझ्याकडे खोली आहे."

पट्टी फाडण्यासाठी कागदासमोर उभं राहावं लागतं. पाटी वाचल्याशिवाय एक पाऊलही पुढं न टाकणारा माणूस तो. त्यांनी वाचलं होतंच. तरी ते आले होते, आणि माझ्याकडे असे बघत उभे होते, जणू पाटी आणि माणूस या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात.

मी म्हणालो, "होती, सर. कालच दिली. नाशिकचं एक कुटुंब आहे."

"नाशिक," ते म्हणाले. "चांगलं गाव आहे?"

"चांगलं आहे."

"मग बरं."

त्यांनी पट्टी पुन्हा घडी करून खिशात ठेवली.

खोली पुढं पाच आठवडे रिकामी होती. कागद तसाच खांबावर होता, त्यांच्या बसथांब्याच्या वाटेवर. मी तो काढलाही नाही, कारण काढायला गेलो तर कुणी बघेल अशी भीती वाटायची.

ते शारजाच्याही पलीकडे, अजमानला राहायला गेले, सहा जणांच्या खोलीत. शारजाच्या ट्रॅफिकमधून दोन बस बदलून यायचे. सकाळी पाटीसमोर उभे राहायचे तेव्हा एका हातानं स्टँड धरलेला असायचा. आणि अधूनमधून मला विचारायचे, "पुणे, नाशिक कसं आहे? रुळले का?"

मी सांगायचो, रुळले. मुलं किती, विचारलं तर म्हणालो, दोन. बाई शाळेत शिकवते म्हणालो. एका खोट्याला मी मुलं दिली, शाळा दिली, धाकट्याला गोवर दिला. ते प्रत्येक वेळी लक्ष देऊन ऐकायचे. गोवर झाल्याचं ऐकून म्हणाले, "धाकट्याला उन्हात पाठवू नका." ते मला टोचत होते की माझी वाट बघत होते, हे मला तेव्हा कळलं नाही. आता वाटतं, वाट बघत होते. चार महिने.

पाचव्या महिन्यात त्यांनी राजीनामा दिला. गुडघे नाही म्हणतात, म्हणाले. गावी बहीण होती, तिच्याकडे जाणार होते. शेवटच्या दिवशी मॅनेजरनं केक मागवला. त्यांनी प्रत्येकासाठी एक भेट आणली होती. तळहाताएवढी लाकडी पाटी, त्यावर हातानं रंगवलेलं त्या माणसाचं गाव, त्याच्या लिपीत. लिपी त्यांना येत नव्हती, चित्रासारखी बघून काढली होती. कणकवलीनं आपली पाटी सोडवली. तो रडू आलं की शिव्या देतो. "मायझया, माझ्या गावच्या श्टँडावर पण असा लिवलेला नाय!"

बाकीच्यांच्या पाट्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या होत्या. माझी पांढऱ्या कागदात होती. ते म्हणाले, "तू घरी उघड."

गाडीतच उघडली. लाकडावर 'पुणे' होतं. निळ्या रंगात, मात्रा आणि उकार जरा जास्त लांब, एखाद्या झाडाच्या फांदीसारखे. आणि गुंडाळलेला कागद म्हणजे माझी जाहिरात होती. कुठल्यातरी खांबावरून सोडवलेली, चारही कोपरे शाबूत. खाली एक पट्टी फाटलेली.

मी पिवळं वर्तुळ शोधलं. देवाशपथ, मी प्रत्येक ओळ बोट ठेवून बघितली. कुठंतरी दोष काढला असेल, समास चुकला असेल, एखादं अक्षर वर-खाली असेल. लिफ्टच्या पाटीत त्यांनी पाच वेळा काढला होता. कुठंही नव्हता. खालच्या कोपऱ्यात बरोबरची पिवळी खूण होती, सही होती आणि तारीख होती. मी नाशिकचं सांगितलं त्या दिवसाची.

दुसऱ्या दिवशी फोन केला तेव्हा नंबर बंद होता. पत्र लिहीन म्हणत राहिलो. इंग्रजीत सुरुवात जमत नव्हती असं स्वतःला सांगायचो. दोन वर्षांपूर्वी कणकवलीनं मेसेज केला, चाचा गेले, बहिणीच्या मुलानं कळवलं. मग सुरुवात शोधायची गरज उरली नाही. 'पुणे' माझ्या कपाटात आहे. भिंतीवर लावायची हिंमत झालेली नाही.

पण हे इथं संपलं असतं तर मी कदाचित लिहिलंही नसतं. माझ्या जाहिरातीचा कागद त्या वेळी आमच्या इमारतीतल्या दोघांनी मागून घेतला होता. "किती नीट केलंयस, फाइल पाठव ना, आम्ही फक्त नंबर बदलतो." मी पाठवली. त्यांनी पुढं पाठवली. गेल्या वर्षी सुपरमार्केटबाहेर मी एक कागद बघितला आणि जागीच थांबलो. माझा टाईप, माझे समास, माझी शेवटची ओळ. खाली कुणा अनोळखी माणसाचा नंबर. पुढच्या खांबावर आणखी एक. आता तो कागद अल कुसैसभर आहे, शारजातही बघितला. ज्यांनी तो लावला ते मला ओळखतसुद्धा नाहीत.

रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत मी पाण्याची बाटली आणि रंग खरवडायची पत्ती घेऊन बाहेर पडतो. नवीन गोंद लवकर निघतो, उन्हात भाजलेला निघत नाही. पुढच्या रविवारी त्याच खांबावर नवा असतो. बायको एकदाच म्हणाली, "अहो, लोक बघतात." मग म्हणाली, "टोपी घालून जा."

गेल्या रविवारी बसथांब्याजवळच्या खांबावर मी असाच एक कागद खरवडत होतो. शेजारी सिक्युरिटी गार्डच्या गणवेशातली एक बाई कंपनीच्या बसची वाट बघत उभी होती. पूर्व आफ्रिकेतली असावी. थोडा वेळ माझ्याकडे बघून तिनं इथल्या सगळ्यांसारख्या हिंदीत विचारलं, "अंकल, रूम है या खलास?"

मी वळलो. अर्धा कागद माझ्या हातात होता आणि नेमका खालचा अर्धा. तिनं मान तिरकी करून तो वाचला. शेवटची ओळसुद्धा वाचली. तिचा चेहरा बदलला नाही. ती ओळ तिनं याआधी पुष्कळदा वाचलेली असणार.

"ये मैंने लिखा था," मी म्हणालो.

"आपका रूम है?"

"नहीं. रूम दूसरे का है. लिखा मैंने था. पहले."

तिला ते कळलं का, माहीत नाही. तिनं माझ्या हातातली पत्ती बघितली, पायाशी पडलेले ओले कपटे बघितले. मी वाट बघत होतो. काय बोलावं तिनं, मला ठाऊक नव्हतं, पण काहीतरी बोलावं असं वाटत होतं. इतक्या वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदाच कुणापुढं बोललो होतो. तेवढ्यात तिची बस आली. ड्रायव्हर आतून ओरडला, "यल्ला, यल्ला!"

पायरीवर एक पाय ठेवून ती मागं वळली आणि खांबाकडे बोट केलं.

"अंकल, पीछे भी एक है."

बस गेली. मी खांबाला वळसा घालून पलीकडे गेलो. होता.